दडलेलं गृहीतक: शेवटचे दोन पर्याय उरतात तेव्हा

प्रश्न असा आला आहे: तर्कक्षमता चाचणीची तयारी चालू आहे, उतारा समजतो, पाचपैकी तीन पर्याय सहज बाद होतात. पण ‘युक्तिवाद कोणत्या गृहीतकावर अवलंबून आहे?’ असं विचारलं की उरलेल्या दोनांतला नेमका चुकीचा निवडला जातो. नमुन्यादाखल हा प्रश्न सोबत दिला आहे.

‘एका वाचनालयाने गेल्या वर्षी बंद होण्याची वेळ दोन तासांनी पुढे नेली. त्यानंतरच्या सहा महिन्यांत सदस्यसंख्या बरीच वाढली. यावरून दिसतं की वाढीव वेळेमुळे लोक वाचनाकडे वळले.’

पर्याय असे: (१) उशिरापर्यंत उघडं राहणाऱ्या कुठल्याही वाचनालयाला जास्त सदस्य मिळतात. (२) नव्या सदस्यांपैकी एकही जण केवळ शांत बसायला जागा हवी म्हणून आलेला नाही. (३) जुन्या सदस्यांनाही वाढीव वेळ सोयीची वाटली. (४) नवे सदस्य सगळेच्या सगळे केवळ शांत जागेसाठी आले, असं नाही. (५) वाचनाची सवय लागणं ही चांगली गोष्ट आहे.

विचारणाऱ्याने दुसरा पर्याय निवडला. उत्तरसूचीत चौथा आहे. ‘दोन्ही एकच तर सांगतात, मग दुसरा चूक कसा?’ असा त्याचा सवाल आहे.

दोन्ही एकच सांगत नाहीत. त्यांच्यातला फरक पक्का कळला तर हा सगळा प्रश्नप्रकार हाताशी येतो, म्हणून उत्तर जरा पसरून देतो. हा विषय मी बरीच वर्षं शिकवतो आहे. ही एकच चूक इतक्या हुशार मुलामुलींच्या वह्यांत पाहिली आहे की तिचं कारण बुद्धीत नसून सवयीत आहे, याबद्दल माझी खात्री झाली आहे. आपण सगळेच बोलणाऱ्याला मदत करायला धावतो. त्याचं म्हणणं आणखी भक्कम करणारं वाक्य दिसलं की आपल्याला ते बरोबर वाटतं. प्रश्न मात्र वेगळाच असतो: कोणत्या वाक्यावाचून त्याचं अडतं?

व्याकरणाच्या तासाला ‘अध्याहृत’ हा शब्द आपण शिकलो. ‘उद्या ये’ या वाक्यात ‘तू’ अध्याहृत आहे. उच्चारलेला नाही, पण त्याच्याशिवाय वाक्याला अर्थ नाही. युक्तिवादातलं गृहीतक तसंच असतं. फक्त अध्याहृत कर्ता क्रियापदाच्या रूपावरून लगेच ओळखता येतो, आणि अध्याहृत विधान ओळखायला पुरावा व निष्कर्ष यांच्यामधली मोकळी जागा पाहावी लागते.

न्यायदर्शनात, म्हणजे तर्कावर भर देणाऱ्या प्राचीन भारतीय दर्शनात, या मोकळ्या जागेचा विचार फार बारकाईने झालेला आहे. दुसऱ्याला पटवून देण्यासाठी केलेल्या अनुमानाचे पाच अवयव तिथे सांगितले आहेत: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. डोंगरावर अग्नी आहे. कारण तिथे धूर आहे. जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी, जसा स्वयंपाकघरात. या डोंगरावरही तसाच धूर आहे. म्हणून तिथे अग्नी आहे. यातलं ‘जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी’ हे जे नातं आहे, त्याला व्याप्ती म्हणतात. रोजच्या बोलण्यात आपण एवढं कुठे सांगतो? ‘धूर दिसतोय, म्हणजे आग लागलीय’ एवढ्यावर भागतं. हेतू आणि प्रतिज्ञा तेवढी बोलली जातात, व्याप्ती मनातच राहते. प्रश्न काढणारा हेच मुद्दाम करतो.

नैयायिकांची, म्हणजे या दर्शनाच्या पंडितांची, पुढची गोष्ट तर आपल्या फारच कामाची आहे. ‘जिथे अग्नी तिथे धूर’ असं उलटं म्हणता येईल का? नाही, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुरासाठी ओलं जळण लागतं. अनुमान ज्या न सांगितलेल्या अटीवर लटकत असतं, तिला त्यांनी उपाधी म्हटलं. तप्त गोळा शोधायचा, म्हणजे पुरावा खरा असूनही निष्कर्ष खोटा ठरेल अशी एक परिस्थिती शोधायची. आजच्या परीक्षेत गृहीतक शोधण्याचा याहून नेमका रस्ता मला अजून सापडलेला नाही.

आधी निष्कर्ष, तोही शब्दाला शब्द

आता वाचनालयाकडे येऊ. पहिलं काम म्हणजे निष्कर्षावर बोट ठेवणं. ‘साधारण वाचनालयाचं बरं चाललंय’ अशा ढोबळ आकलनावर पर्याय वाचायला घेतले की घात होतो. निष्कर्ष आहे: ‘वाढीव वेळेमुळे लोक वाचनाकडे वळले.’ पुरावा आहे: ‘वेळ वाढवली, नंतर सदस्यसंख्या वाढली.’

निष्कर्षात असा कोणता शब्द आहे जो पुराव्यात नाही? ‘वाचन’. पुरावा सदस्यसंख्येबद्दल बोलतो, निष्कर्ष वाचनाबद्दल. सदस्य होणं आणि वाचू लागणं यांत अंतर आहे, आणि बोलणाऱ्याने ते न सांगता ओलांडलं आहे. दुसरा सांधा ‘मुळे’ या प्रत्ययात आहे. पुरावा ‘त्यानंतर’ म्हणतो, निष्कर्ष ‘मुळे’ म्हणतो. आधी-नंतरचं नातं कारण-परिणामाचं कसं झालं?

म्हणजे एका छोट्या उताऱ्यात दोन फटी आहेत, आणि त्या वेगवेगळ्या जातीच्या आहेत. पहिलीत एक नवी कल्पना आली आहे, तिला जुनीशी जोडणारं विधान लागतं. अशा विधानाला मी ‘जोडणारं गृहीतक’ म्हणतो. दुसरीत नवी कल्पना नाही. तिथे बोलणाऱ्याला वाटेतल्या इतर शक्यता बाजूला ठेवाव्या लागतात. वर्गणी त्याच सुमारास निम्मी झाली नव्हती, जवळचं दुसरं वाचनालय बंद पडलं नव्हतं, सदस्यसंख्या आधीपासूनच त्याच वेगाने वाढत नव्हती. याला मी ‘वाट राखणारं गृहीतक’ म्हणतो.

सुरुवातीच्या काळात मी मुलांना ‘निष्कर्षातला नवा शब्द शोधा’ एवढंच सांगत असे. ते अपुरं होतं. कारण-परिणामाच्या उताऱ्यात पुष्कळदा नवा शब्दच नसतो, आणि बरोबर पर्याय उताऱ्यात जिचा उल्लेखही नाही अशा गोष्टीबद्दल बोलतो: ‘त्याच काळात वर्गणी कमी करण्यात आली नव्हती.’ विद्यार्थी म्हणतो, वर्गणीचं नावच नाही, हा पर्याय विषयाबाहेरचा. आणि तो खोडतो. वाट राखणारं गृहीतक बहुतेक वेळा असंच नकारार्थी आणि परकं दिसतं. पर्यायात ‘नाही’, ‘नव्हती’, ‘व्यतिरिक्त’ दिसलं तर त्याला दुसऱ्यांदा वाचल्याशिवाय खोडू नका.

नकार देऊन पाहणं, आणि मराठीतला ‘नाही’

दोन पर्याय उरले की त्या प्रत्येकाला नकार द्यायचा. नकार दिल्यावर युक्तिवाद कोसळला, तर ते आवश्यक गृहीतक. नकार देऊनही निष्कर्ष उभा राहू शकत असेल, तर बोलणाऱ्याला त्या विधानाची गरज नव्हती.

दुसरा पर्याय: ‘एकही जण केवळ शांत जागेसाठी आलेला नाही.’ याचा नकार काय? ‘सगळे शांत जागेसाठी आले’ हा नव्हे. नकार एवढाच: ‘किमान एक जण केवळ शांत जागेसाठी आला.’ मग काय बिघडलं? शेकडो नव्या सदस्यांत असा एखादा असला तरी बाकीचे वाचनाकडे वळलेले असू शकतात. निष्कर्ष शाबूत आहे. म्हणजे दुसरा पर्याय बोलणाऱ्याला उपयोगी असला, तरी त्याच्यावाचून त्याचं अडत नाही.

चौथा पर्याय: ‘सगळेच्या सगळे केवळ शांत जागेसाठी आले, असं नाही.’ याचा नकार: ‘सगळेच्या सगळे केवळ शांत जागेसाठीच आले.’ आता नव्या सदस्यांत वाचायला आलेला कोणीच उरला नाही. सदस्यसंख्येच्या आधारावर ‘लोक वाचनाकडे वळले’ म्हणायला जागाच नाही. युक्तिवाद कोसळला. म्हणून चौथा.

दुसरा पर्याय जास्त बोलतो, चौथा लागेल तेवढंच बोलतो. आवश्यक गृहीतकाच्या प्रश्नात जास्त बोलणारा पर्याय कायम संशयित धरावा. ‘प्रत्येक’, ‘कुठलंही’, ‘कधीच’, ‘एकही’, ‘सर्वात महत्त्वाचं’ हे शब्द दिसले की थांबा. तसे पर्याय दर वेळी चूकच असतात असं नाही. निष्कर्षच ‘प्रत्येक’ म्हणत असेल तर गृहीतकालाही तेवढं उंच जावं लागतं. पर्यायाची उंची निष्कर्षाच्या उंचीशी ताडून पाहायची.

नकार देण्यात मराठी वाचकाला एक खास अडचण येते, आणि मार्गदर्शक पुस्तकांत तिच्याबद्दल फारसं लिहिलेलं आढळत नाही. ‘सगळे विद्यार्थी आले नाहीत’ या वाक्याचा अर्थ काय? काही आले, काही राहिले, असाही होतो. आणि एकही आला नाही, असाही. बोलताना सूर आणि प्रसंग अर्थ पक्का करतात. कागदावर ते दोन्ही नसतात. त्यामुळे क्रियापदाला ‘नाही’ चिकटवून नकार दिला की आपण नकळत ‘सगळे’चा नकार ‘कोणीच नाही’ असा घेऊन बसतो, आणि चाचणीच उलटी पडते.

यावर माझा साधा उपाय आहे. वाक्याच्या आत हात घालायचाच नाही. पूर्ण वाक्य तसंच ठेवून त्याच्यापुढे ‘हे खोटं आहे’ असं लिहायचं, आणि मग विचारायचं की ते खोटं ठरायला कमीत कमी काय घडावं लागेल. ‘सगळे आले’ हे खोटं ठरायला एक जण गैरहजर असला की पुरे. ‘कोणीच आलं नाही’ हे खोटं ठरायला एक जण हजर असला की पुरे. ‘काही जण आले’ हे खोटं ठरायला मात्र एकही जण आलेला असून चालणार नाही. ‘बहुतेक आले’ खोटं ठरायला निम्मे किंवा त्याहून कमी आलेले पुरतात. ही चार उदाहरणं बोटांवर बसेपर्यंत घोटा. वेळेच्या दडपणाखाली हीच निसटतात.

आणखी एक मराठी गोष्ट: ‘च’. ‘वाढीव वेळेमुळे लोक वळले’ आणि ‘वाढीव वेळेमुळेच लोक वळले’ या दोन निष्कर्षांची गृहीतकं वेगळी आहेत. पहिल्याला एवढंच पुरतं की वाढीव वेळ हे एक कारण होतं. सोबत आणखी एखादं कारण असलं तरी हरकत नाही. दुसऱ्याने इतर सगळी कारणं बाद धरली आहेत. एका अक्षराने बोलणाऱ्याची जबाबदारी कितीतरी वाढते. ‘ही’चंही तसंच: ‘तज्ज्ञांनाही हे पटलं’ म्हणताना तज्ज्ञांखेरीज इतर कोणालातरी ते पटलेलं आहे, हे धरूनच चालावं लागतं. मराठीतून परीक्षा देणाऱ्याने निष्कर्षातला प्रत्येक ‘च’ आणि ‘ही’ पेन्सिलीने गोल करावा, असा माझा आग्रह असतो.

आवश्यक आणि पुरेसं

बरेच जण इथवर नीट येतात आणि पुढे एका वेगळ्या गोंधळात अडकतात. एलसॅटसारख्या (अमेरिकेतल्या कायद्याच्या शिक्षणासाठीच्या प्रवेश) परीक्षेत गृहीतकाचे दोन प्रकारचे प्रश्न असतात. एकात विचारतात की युक्तिवादाला कोणतं गृहीतक लागतं. दुसऱ्यात विचारतात की कोणतं विधान गृहीत धरलं तर निष्कर्ष पुराव्यावरून अटळपणे निघेल. पहिलं आवश्यक, दुसरं पुरेसं. दिसायला प्रश्न सारखेच, पण एकातलं बरोबर उत्तर दुसऱ्यात चूक ठरू शकतं.

ॲलर्जीवरच्या नव्या पिढीच्या गोळ्या जुन्या गोळ्यांच्या मानाने मेंदूत फारच कमी शिरतात आणि म्हणून त्यांनी सुस्तीही कमी येते, हे आता सर्वमान्य आहे. समजा कोणी त्यावरून असा युक्तिवाद केला: ‘ही गोळी मेंदूपर्यंत पोहोचत नाही, म्हणून हिने झोप येणार नाही.’

पुरेसं गृहीतक: ‘मेंदूपर्यंत न पोहोचणारा कोणताही पदार्थ झोप आणत नाही.’ हे मान्य केलं की निष्कर्षाला पळवाटच नाही. पण ते आवश्यक आहे का? नकार देऊ: ‘मेंदूपर्यंत न पोहोचता झोप आणणारा निदान एक पदार्थ आहे.’ असेल बापडा; तो ही गोळी नसेल तर युक्तिवादाला धक्का नाही. आवश्यक गृहीतक बरंच नम्र आहे: ‘मेंदूपर्यंत न पोहोचताच झोप आणण्याची दुसरी कोणती वाट या गोळीकडे नाही.’ याचा नकार केला की निष्कर्ष लगेच पडतो.

म्हणून पर्याय वाचण्यापूर्वी प्रश्नाचं वाक्य दोनदा वाचायचं. ‘अवलंबून आहे’, ‘लागतं’, ‘गृहीत धरलं आहे’ असे शब्द असतील तर नम्र विधान शोधा आणि नकाराची चाचणी लावा. ‘गृहीत धरल्यास निष्कर्ष योग्य ठरतो’ असं असेल तर भक्कम विधान शोधा. तिथे नकाराची चाचणी चालत नाही, तिथे ‘एवढं मिळालं की फट पूर्ण बुजली का?’ हे पाहायचं. दुसऱ्या प्रकारात जास्त बोलणारा पर्याय मुळीच संशयित नसतो.

उरलेले पर्याय का चूक, हे थोडक्यात. पहिला वाचनालयांच्या अख्ख्या जातीबद्दल बोलतो, बोलणाऱ्याला फक्त एकाचं पडलं आहे. तिसरा जुन्या सदस्यांबद्दल आहे. त्यांना वेळ गैरसोयीची वाटली असती तरी नवे येऊ शकले असते. पाचवा मूल्यविधान आहे. बोलणारा ‘लोक वाचनाकडे वळले’ म्हणतो, ‘ते चांगलं झालं’ असं म्हणत नाही. मात्र निष्कर्षात ‘पाहिजे’, ‘योग्य’, ‘चूक’ असा शब्द असेल आणि पुराव्यात फक्त घडलेल्या गोष्टी असतील, तर मूल्याचंच गृहीतक दडलेलं असतं. तेव्हा पाचव्यासारखा पर्याय बरोबर येऊ शकतो.

परीक्षेबाहेर फसलेली दोन अनुमानं

ही केवळ परीक्षेची कसरत वाटू नये म्हणून दोन खऱ्या घटना सांगतो. वर्गात त्या सांगितल्या की नकाराची चाचणी डोक्यात राहते, असा माझा अनुभव आहे.

१९३६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे १ कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. २० लाखांहून अधिक परत आल्या. त्यावरून साप्ताहिकाने भाकीत केलं की रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार लँडन जिंकणार. प्रत्यक्षात तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. पत्ते बऱ्याच अंशी दूरध्वनी ग्राहकांच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून घेतले होते, आणि महामंदीच्या त्या काळात अशा याद्यांत खाऊनपिऊन सुखी माणसंच जास्त असत. शिवाय उत्तर पाठवण्याची तसदी घेणारे आणि न घेणारे यांचा कलही वेगळा निघाला. पुरावा होता ‘उत्तर पाठवणाऱ्यांत लँडन पुढे आहेत’. निष्कर्ष होता ‘मतदारांत लँडन पुढे आहेत’. कर्ता बदलला, आणि ‘उत्तर पाठवणारे हे मतदारांसारखेच आहेत’ हे अध्याहृत विधान कोणी तपासलं नाही. २० लाखांच्या आकड्याचं वजन इतकं होतं की त्याच्याखाली ते विधान दडून गेलं. उताऱ्यात मोठा आकडा दिसला की मी आता आधी कर्ता तपासतो: पुराव्यातली माणसं आणि निष्कर्षातली माणसं तीच आहेत का?

दुसरी घटना बर्कलीची. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या तिथल्या पदव्युत्तर प्रवेशांत १९७३ साली अर्जदार पुरुषांपैकी सुमारे ४४ टक्क्यांना आणि स्त्रियांपैकी सुमारे ३५ टक्क्यांना प्रवेश मिळाला. निष्कर्ष हाताशीच होता: प्रवेश देणारे स्त्रियांना डावलतात. पण आकडे विभागवार मांडल्यावर ती तफावत बहुतांशी नाहीशी झाली, उलट किंचित कल स्त्रियांच्या बाजूने निघाला. ज्या विभागांत सगळ्यांनाच प्रवेश मिळणं कठीण होतं, तिथे स्त्रियांनी जास्त प्रमाणात अर्ज केले होते. १९७५ मध्ये हे विश्लेषण प्रसिद्ध झालं. इथलं दडलेलं गृहीतक: ‘स्त्रिया आणि पुरुष यांचे अर्ज सोप्या-कठीण विभागांत सारख्याच प्रमाणात विभागलेले होते.’ नकार द्या, आणि एकूण टक्केवारीवरून थेट डावलण्याकडे जाणारी वाट बंद होते. (स्त्रिया त्याच विभागांकडे का वळल्या, हा वेगळा आणि गंभीर प्रश्न आहे, या आकड्यांनी तो मिटत नाही.) तुलनेच्या प्रत्येक युक्तिवादात ‘दोन्ही गट बाकी बाबतींत सारखे आहेत’ हे गृहीतक बसलेलं असतं.

आता तयारीत फारसं कोणी मनावर घेत नाही अशी एक गोष्ट. निष्कर्ष आपल्याला पटत असेल तर फट दिसत नाही. १९८३ मध्ये इव्हान्स, बार्स्टन आणि पोलार्ड या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना अनुमानं तपासायला दिली. जी अनुमानं तर्काने चुकीची होती, पण ज्यांचा निष्कर्ष मनाला पटणारा होता, त्यांना दहापैकी सुमारे सात वेळा ‘बरोबर’ म्हटलं गेलं. तितकीच चुकीची, पण निष्कर्ष न पटणारी अनुमानं मात्र दहातून जेमतेम एकदाच स्वीकारली गेली. चूक तीच, फक्त पटण्याने डोळे झाकले. म्हणून उताऱ्याचं म्हणणं आवडलं, तर मी मुलांना त्याच्या विरोधी पक्षाचे वकील व्हायला सांगतो. पुरावा अक्षरशः खरा मानायचा, त्याच्याशी भांडायचं नाही. आणि तरीही निष्कर्ष खोटा पाडून दाखवायचा. तप्त लोखंडाचा गोळा आणायचा. जी परिस्थिती निष्कर्ष पाडते, ती ‘नाही’ असं बोलणाऱ्याने धरलेलं असतं, तेच गृहीतक.

परीक्षांचे संकेत वेगवेगळे आहेत, तेही सांगायला हवं. एलसॅट आणि जीमॅट (व्यवस्थापन शिक्षणाची प्रवेश परीक्षा) यांच्या अशा प्रश्नांत पाच पर्याय आणि एक उत्तर. ऑगस्ट २०२४ पासून एलसॅटमधला कोड्यांचा विभाग गेला आणि त्याच्या जागी तर्कयुक्तिवादाचा आणखी एक विभाग आला, त्यामुळे तिथे या कौशल्याचं वजन चांगलंच वाढलं आहे. नोकरभरतीत वापरल्या जाणाऱ्या वॉटसन-ग्लेझर चाचणीच्या गृहीतकांच्या भागात पाचांतून एक अशी निवड नसते. एक विधान आणि त्याखाली काही गृहीतकं, प्रत्येकासमोर ‘धरलं आहे’ किंवा ‘धरलेलं नाही’ एवढं नोंदवायचं. एका विधानात दोन-तीन गृहीतकं धरलेली असू शकतात, एकही नसू शकतं. तिथे ‘एक तर बरोबर असणारच’ हा आधार मिळत नाही.

‘विधान आणि गृहीतके’ या नावाने येणाऱ्या प्रश्नांत तर बरेचदा युक्तिवाद नसतोच. एखादी सूचना, आवाहन किंवा जाहिरात असते. ‘परीक्षेला येताना ओळखपत्र आणावे.’ गृहीतक एक: उमेदवार ओळखपत्र आणू शकतात. गृहीतक दोन: सर्व उमेदवार ही सूचना पाळतील. इथे निष्कर्षाच्या जागी सूचनेचा हेतू ठेवायचा आणि तीच चाचणी लावायची. ओळखपत्र आणणं कोणालाच शक्य नसेल तर सूचनेला अर्थ नाही. म्हणून पहिलं धरलेलं आहे. काही जण विसरतील हे सूचना देणाऱ्याला ठाऊक असूनही सूचना द्यावीशी वाटेल. म्हणून दुसरं धरलेलं नाही. ‘सर्व’ या शब्दाने पुन्हा तेच केलं, जे वाचनालयात ‘एकही’ या शब्दाने केलं होतं.

सरावाबद्दल. रोज पन्नास प्रश्न धडाधड सोडवण्यापेक्षा पाच प्रश्न सावकाश सोडवा, निदान पहिले तीन आठवडे. प्रत्येक प्रश्नात पर्याय हाताने झाकून निष्कर्ष लिहा, फट लिहा, आपल्या शब्दांत गृहीतक लिहा, मग पर्याय उघडा. तुमचं वाक्य पर्यायाशी जुळेलच असं नाही. फटी दोन असतात आणि तुम्ही एकच पाहिलेली असते. पण कुठे पाहायचं हे डोळ्यांना कळलेलं असतं. नकाराची चाचणी पाचही पर्यायांवर लावत बसू नका. एलसॅटच्या तर्कयुक्तिवादाच्या एका विभागात ३५ मिनिटांत साधारण २५ प्रश्न असतात, म्हणजे एकाला दीड मिनिटही नाही. ती शेवटच्या दोघांसाठी राखून ठेवा.

आणि चुकांची वही ठेवा, पण तिच्यात ‘बरोबर उत्तर चौथं’ असं लिहून काही हाती लागत नाही. चुकीचा पर्याय तुम्हाला कशामुळे आवडला ते लिहा. जास्त बोलणारा होता? नुसता बळ देणारा होता? उताऱ्यात आधीच सांगितलेली गोष्ट होती? उताऱ्यावरून निघणारं अनुमान होतं, म्हणजे दिशाच उलटी? की बाहेरच्या जगात खरं असलेलं, पण बोलणाऱ्याला न लागणारं विधान होतं? वीस-पंचवीस नोंदी झाल्या की यातली एखाददुसरी चूकच पुन्हा पुन्हा समोर येईल. तुम्ही पाठवलेल्या एका प्रश्नावरून सगळं ठरवणं घाईचं होईल, पण तुमच्या वहीतली पहिली नोंद मी आत्ताच सांगू शकतो: ‘वाचनालय. दुसरा पर्याय. “एकही” या शब्दाचा नकार “सगळे” असा घेतला.’ पुढच्या दहा प्रश्नांत हीच नोंद आणखी दोनदा आली, तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी सगळे, काही, बहुतेक आणि कोणीच नाही या चारांच्या नकारावर दोन दिवस घाला.